लिहून झाल्यावर

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. पत्र लांब आहे, अक्षर सुरेख आहे, आणि त्यांत विचारलेला प्रश्न इतका नेमका आहे कीं, त्याला दोन ओळींचें उत्तर पाठवून मोकळें होणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. या भगिनी एकत्र कुटुंबांत राहतात. घरचें सर्व आवरून दुपारीं जो तास-दीड तास हातीं लागतो त्यांत त्या गेलीं चार वर्षें लहान लहान लेख लिहीत आहेत. आतांपर्यंत नऊ लेख त्यांनीं निरनिराळ्या मासिकांकडे पाठविले. दोन छापून आले, सात साभार परत आले. त्या लिहितात : 'घरांत वाचून दाखविलें कीं सर्वजण छान म्हणतात, आणि संपादकांकडून छापील चिठ्ठी येते. छान म्हणणारे कां छान तें सांगत नाहींत, परत करणारे कां परत तें सांगत नाहींत. मग माझें लिहिणें चांगलें कीं वाईट हें मला कळावें कसें? या दिवाळीपर्यंत वाट पाहावी आणि मग लिहिणें बंद करावें असें मनाशीं ठरविलें आहे.' सोबत एक लेख जोडलेला आहे. त्याचें नांव 'माहेरचें अंगण'.

प्रश्न या एकट्या भगिनींचा नाहीं. कुलवृत्तांतासाठीं पणजोबांची हकीकत जुळविणारे निवृत्त गृहस्थ, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेंत दर वर्षीं दोन पानें भरून देणारी सूनबाई, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं वाचून दाखविण्यासाठीं रात्रभर जागून लिहिणारा नातू, या सर्वांवर लिहून झाल्यावर एक चमत्कारिक घटका येते ती हीच. कागद समोर असतो, आपण आपलें सारें त्यांत ओतलें असें वाटत असतें. पण तें कागदावर उतरलें कीं मनांतच राहिलें हें मात्र आपलें आपणांस सांगतां येत नाहीं. संपादकांच्या चिठ्ठीविषयीं एवढेंच सांगतों कीं, तिच्यांत तुच्छता नसते, वेळेचा दुष्काळ असतो. तथापि त्या चिठ्ठीपासून लेखकानें कांहीं शिकावें म्हटलें तर शिकण्यासारखें तिच्यांत कांहींच नसतें, हेंही कबूल केलें पाहिजे.

उत्तराकडे वळण्यापूर्वीं आमचीच एक फजिती सांगणें प्राप्त आहे.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या काकू वारल्या. आमचें घर मोठें. तीन भावांचा संसार एका स्वयंपाकघरावर चाललेला. काकूंना जाऊन महिना झाला नाहीं तोंच आम्हीं त्यांच्यावर एक लेख लिहिला आणि तो छापूनही आला. लिहितांना आमचे डोळे दोन वेळां भरून आले होते. त्यावरून लेख उत्तम उतरला अशी आमची खात्री झाली. पत्रें आलीं, दूरध्वनी आले, 'आमच्या आईची आठवण झाली' असें कित्येकांनीं कळविलें. आम्ही अर्थातच सुखावलों. पुढें वर्षश्राद्धाच्या दिवशीं मंडळी जेवून उठल्यावर कोणीतरी तो अंक काढला आणि लेख मोठ्यानें वाचला. धाकट्या काकू माजघरांत सुपारी कातरीत बसल्या होत्या. वाचन संपलें, दोघां-तिघांनीं डोळे पुसले. काकूंनीं अडकित्ता खालीं ठेवला आणि विचारलें, "अरे, यांत जाऊबाई कुठं आहेत?"

आम्हांस राग आला, खोटें कशास सांगा! 'वात्सल्याची मूर्ति', 'घरची तुळस', 'अखंड तेवणारी समई' हे सारे शब्द आम्हीं मोठ्या भक्तिभावानें वेंचून घातले होते. आम्ही म्हणालों, "काकू, सबंध लेख त्यांच्यावरच तर आहे."

"नांव त्यांचं आहे. बाकीचं समोरच्या बिऱ्हाडांतल्या बाईंवरही चालून जाईल. आणि ते अकरा महिने कुठं गेले?"

ते अकरा महिने म्हणजे काय, हें घरांतील मोठ्या माणसांस सांगावें लागलें नाहीं. आमच्या लहानपणीं, आजीच्या पाटल्यांच्या वांटणीवरून या दोघी जावांचें बोलणें बंद झालें होतें. एकच स्वयंपाकघर, एकच देवघर, आणि अकरा महिने एकमेकींशीं शब्द नाहीं. 'त्यांना सांग, पोळ्या झाल्या', 'त्यांना विचार, विरजण लावलं का' असे निरोप ओट्यापासून माजघरापर्यंत आम्ही पोरें पोंचवीत होतों. मग एका पावसाळ्यांत धाकट्या काकू तापानें अंथरुणास खिळल्या. तिसऱ्या दिवशीं थोरल्या काकू पेजेचें भांडें घेऊन त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, क्षणभर थांबल्या, आंत गेल्या, आणि भांडें उशाशीं ठेवून म्हणाल्या, "मीठ कमी वाटलं तर सांग." अकरा महिन्यांनंतरचें तें पहिलें वाक्य.

धाकट्या काकूंचा आवाज त्या दिवशीं चढला नव्हता. त्या म्हणाल्या, "तें सारं गाळलंस आणि जाऊबाईंना देवी करून बसवलंस. मग त्या माझ्या खोलीत आल्या त्याला किंमत काय राहिली? देवीला कुठं उंबरा ओलांडावा लागतो?"

त्या रात्रीं आम्हीं तांबडी पेन्सिल घेतली आणि आमचाच लेख समोर ठेविला. जें जें वाक्य दुसऱ्या कोणाच्याही काकूंना लागूं पडेल तें तें खोडावयाचें, असा नेम केला. बावन्न वाक्यांपैकीं सत्तेचाळीस गेलीं. उरलेल्या पांचांत दोन तर जन्माची व मृत्यूची तारीख सांगणारीं होतीं. 'आमच्या आईची आठवण झाली' असें वाचक कां म्हणाले, याचा उलगडा आम्हांस तेव्हां झाला. आम्हीं कोणाचेंच चित्र काढलें नव्हतें; रिकामी चौकट टांगली होती, आणि प्रत्येकानें आपापल्या घरची तसबीर तींत बसवून घेतली होती.

आपल्या लेखाची परीक्षा करण्याचे जे अनेक उपाय आम्हीं पुढें करून पाहिले त्यांत या तांबड्या पेन्सिलीइतका कडू आणि गुणकारी दुसरा आढळला नाहीं. भगिनींनीं तो प्रथम करून पाहावा. गांवाचें वर्णन केलें असेल तर दुसऱ्या गांवाचें नांव घालून वाचावें. गुरुजींवर लिहिलें असेल तर दुसऱ्या गुरुजींचें. नांव बदलूनही वाक्य जसेंच्या तसें उभें राहत असेल, तर तें वाक्य आपण लिहिलेलें नाहीं, वाचलेल्या पुस्तकांतून तें आपल्या हातीं आपसुख आलेलें आहे असें समजावें.

परंतु लिहितांना हें आम्हांस कां दिसलें नाहीं? डोळे भरून आले तो कांहीं ढोंगाचा भाग नव्हता. याचें उत्तर हजार-अकराशें वर्षांपूर्वींच्या एका ग्रंथांत सांपडलें. राजशेखर हा कनोजच्या प्रतिहार राजांच्या पदरीं असलेला कवि. त्याचा पणजा अकालजलद हा 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणविला जाई, तेव्हां राजशेखरावर थोडा हक्क सांगावयास आपणांस हरकत नाहीं. त्याच्या 'काव्यमीमांसा' नामक ग्रंथाच्या योजिलेल्या अठरा अधिकरणांपैकीं पहिलें तेवढें उपलब्ध आहे. १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंतील पहिला ग्रंथ म्हणून तें छापलें गेलें. अलंकारांची व रसांची चर्चा करणारे ग्रंथ संस्कृतांत पुष्कळ आहेत. कवीनें सकाळीं उठून काय करावें, खोली कशी ठेवावी, लिहिलेलें कोणाला दाखवावें आणि कोणाला दाखवूं नये, असल्या घरगुती गोष्टी सांगणारा हा ग्रंथ मात्र विरळा.

राजशेखरानें कवीच्या दिवसाचे प्रहर वांटून दिले आहेत. पहिल्या प्रहरीं अध्ययन, दुसऱ्या प्रहरीं रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी, आणि चौथ्या प्रहरीं सकाळीं जें लिहिलें असेल त्याची परीक्षा. ती एकट्यानें करावी किंवा मोजक्या मंडळींत बसून करावी. कारण त्यानें असें दिलें आहे कीं, रसाच्या आवेशांत लिहीत असतां पारख करणारी दृष्टि चालत नाहीं, म्हणून मागाहून तपासणें भाग आहे. म्हणजे आमचे डोळे भरून आले होते हीच आमची अडचण होती. जो डोळा पाण्यानें भरला आहे त्याला वाक्यांतील वैगुण्य कसें दिसावें? आपल्या कृतीस फार मानूं नये, पक्षपातानें गुणाचा दोष आणि दोषाचा गुण दिसूं लागतो, असेंही तो बजावतो. राजशेखराचें अंतर सकाळपासून चौथ्या प्रहरापर्यंतचें आहे. तो बहुधा मनानें अधिक चपळ असावा. आमचा अनुभव असा कीं, लहान लेखाला निदान आठ दिवस ट्रंकेंत राहूं द्यावें, आणि मृत्यूवर किंवा भांडणावर लिहिलेल्या लेखाला त्याहून कितीतरी अधिक.

परीक्षेच्या वेळीं काय करावयाचें तेंही त्यानें सांगितलें आहे. अधिक असेल तें टाकावें, उणें असेल तें भरावें, भलत्या जागीं पडलें असेल तें हलवावें, आणि विसरलें असेल तें आठवून घालावें. या चौघांत टाकणें सर्वांत सोपें. थोडा जीव कष्टी होतो इतकेंच. हलविणें हें कौशल्याचें काम. भरणें त्याहून अवघड, कारण काय उणें आहे हें ठाऊक असतें तर लिहितांनाच तें आलें असतें. आणि विसरलेलें आठवणें? येथें आम्ही बराच वेळ अडखळलों. ते अकरा महिने आम्ही विसरलों नव्हतों. आम्हीं ते लपविले होते. घरची गोष्ट चारचौघांत कशाला, मृताविषयीं उणें कशाला, अशा सभ्य कारणांनीं लपविले होते. हा पांचवा प्रकार राजशेखरानें सांगितलेला नाहीं; पण घरगुती लेखनांत हाच अधिक आढळतो अशी आमची समजूत आहे. लेख फिका पडला कीं त्यांत कोठेंतरी एक झांकलेली गोष्ट असते, आणि लेखकाची सारी विशेषणें तिच्यावर पांघरूण घालण्याच्या कामीं खर्च झालेलीं असतात.

झांकलेलें सर्वच उघडें करावें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ज्यांची गोष्ट आहे त्यांचा तिच्यावर हक्क आहे. वरील हकीकत आम्हीं येथें लिहिली ती धाकट्या काकूंनीं 'आतां लिही' असें सांगितल्यावर. नाहीं म्हणाल्या असत्या तर आम्ही दुसरा विषय घेतला असता.

आतां ज्यांना वाचून दाखवावयाचें त्या मंडळींविषयीं. भगिनींच्या घरीं सर्वजण छान म्हणतात. राजशेखरानें वाचकांचे चार वर्ग केले आहेत, आणि ते चारी वर्ग प्रत्येक मोठ्या घरांत एका पंगतीला बसलेले आढळतात. पहिला अरोचकी, ज्याला कांहींच रुचत नाहीं. आमचे वडील बंधु या वर्गांतले. राजशेखर म्हणतो कीं, ही अरुचि कांहींची उपजत असते आणि कांहींची ज्ञानामुळें आलेली असते. उपजत असेल तर किती घासलें तरी ती जात नाहीं, ज्ञानामुळें आलेली असेल तर खरोखर विशेष असें कांहीं समोर आल्यास ती निवळते. बंधूंची कोणती तें ठरविण्याचें धाडस आम्हीं अद्याप केलेलें नाहीं. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे घांसाबरोबर गवतही गिळून टाकणारा. घरांतील भाचे-पुतणे व प्रेमळ मावश्या बहुतेक या वर्गांत पडतात. त्यांच्या 'छान'चा अर्थ 'तूं आम्हांस आवडतोस' एवढाच असतो. तो आनंदानें घ्यावा, पण परीक्षेच्या निकालांत धरूं नये. तिसरा मत्सरी. त्याला गुण दिसतो, पण दुसऱ्याच्या गुणाविषयीं त्यानें मौन धरलेलें असतें, त्यामुळें दिसून न दिसल्यासारखेंच. आमच्या घरांतील या वर्गाचा पत्ता आम्ही देणार नाहीं. चौथा तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे मर्म शोधून तेथेंच बोट ठेवणारा. असा वाचक हजारांत एखादा, तोही मिळाला तर, असें राजशेखर म्हणतो. आमच्या माजघरांत तो सुपारी कातरीत बसला होता आणि आम्हांस पंचवीस वर्षें त्याचा पत्ता नव्हता, कारण आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. साहित्याची चर्चा करावयाची ती दिवाणखान्यांत, पदवीधर मंडळींपुढें, अशी आमची खोड.

विचारण्याचीही एक रीत आहे. 'कसें झालें?' असें विचारलें कीं समोरच्या माणसावर सभ्यतेचें ओझें पडतें आणि तो छान म्हणून तें उतरवून टाकतो. त्याऐवजीं, वाचून झाल्यावर घटकाभर दुसऱ्या गोष्टी बोलाव्या आणि मग विचारावें, 'मघां वाचलें त्यांतलें काय आठवतें?' आठवलें तें खरें उतरलें. जें तुम्हांस फार आवडलें होतें आणि कोणालाच आठवत नाहीं, त्याच्याकडे पेन्सिल घेऊन वळावें. याहून कठोर उपाय असा कीं, लेख आपण वाचूं नये, दुसऱ्याच्या हातीं द्यावा आणि त्यानें पहिल्याच खेपेस मोठ्यानें वाचावा. आपण वाचतों तेव्हां लेखांत नसलेले हेल आपला गळा पुरवितो. दुसरा वाचतो तेव्हां जेथें त्याची जीभ अडखळते, जेथें त्याला वाक्याचा शेंवट सांपडत नाहीं म्हणून तो मागें जातो, तेथें दोष त्याचा नसून आपला असतो.

राजशेखरानें आणखी दोन इशारे दिले आहेत, ते मौजेचे आहेत. अर्धवट लिहिलेलें वाचून दाखवूं नये, तें मग पुरें होत नाहीं. आणि नवी कविता एकट्या माणसापुढें वाचूं नये. ती माझीच असें तो उद्यां म्हणूं लागला तर साक्षीला कोण? दुसऱ्या इशाऱ्याची भगिनींना गरज पडणार नाहीं. पहिल्याची मात्र पडेल. अर्धा लेख वाचून दाखविला कीं वाहवा मिळते, आणि ती मिळाल्यावर उरलेला अर्धा लिहिण्याची ओढच संपते.

घरांतील जाणत्या श्रोत्याची गोष्ट निघाली म्हणून राजशेखराच्या घरांतही एकदां डोकावूं. त्याची पत्नी अवंतिसुंदरी ही स्वतः विदुषी होती, आणि आपल्या शास्त्रग्रंथांत तो तिचीं मतें नांवानिशीं देतो. रचना पक्व झाली हें ओळखावें कसें, असा वाद चालला आहे. वामनाचार्यांचे अनुयायी म्हणतात कीं, ज्या रचनेंतील एकही शब्द बदलतां येत नाहीं ती पक्व. हें मत ऐकावयास फार भारदस्त आहे, आणि लेखकमंडळींना तर तें अतिशय सोयीचें आहे. अवंतिसुंदरी म्हणते, हा परिपाक नव्हे, ही अशक्ति! महाकवि एकच वस्तु अनेक प्रकारें सांगतात आणि त्यांतला प्रत्येक प्रकार पिकलेला असतो. म्हणून रसाला साजेल असा शब्द व अर्थ जुळणें हाच पाक. आम्ही जेव्हां जेव्हां 'हें वाक्य याहून वेगळें होऊंच शकत नाहीं' असें म्हणून हटून बसतों, तेव्हां आमच्या सौभाग्यवती 'सुचत नाहीं असें म्हणा' एवढेंच म्हणतात. त्यांनीं काव्यमीमांसा वाचलेली नाहीं.

इतका वेळ पारख करण्याविषयीं झालें. सुधारावें कसें, याला एका पोरानें शोधलेल्या रीतीहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाहीं. बेंजामिन फ्रँक्लिन हा १७०६ सालीं बोस्टन येथें जन्मला आणि लहानपणींच थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवारी करूं लागला. त्याचा कॉलिन्स नांवाचा एक मित्र होता. मुलींना विद्या शिकवावी कीं नाहीं यावर दोघांचा वाद जुंपला. फ्रँक्लिन शिकवावी या बाजूचा, कॉलिन्स उलट बाजूचा. वाद पत्रांतून चालला. तीं पत्रें फ्रँक्लिनच्या वडिलांच्या हातीं लागलीं. बाप साबण आणि मेणबत्त्या करून विकणारा. त्यानें वादांत कोण खरा याविषयीं एक अक्षर काढलें नाहीं. तो म्हणाला, तुझें शुद्धलेखन व विरामचिन्हें मित्राहून चांगलीं आहेत, पण भाषेचा डौल, मांडणी आणि स्पष्टता यांत तूं कमी पडतोस. आणि पत्रांतलीं ठिकाणें दाखवून त्यानें तें पटवून दिलें. घरोघर असे वडील असते तर संपादकांचें अर्धें काम हलकें झालें असतें.

याच सुमारास मुलाला लंडनच्या 'स्पेक्टेटर' पत्राचा एक सुटा खंड मिळाला. तें पत्र १७११ व १७१२ या सालीं निघत होतें. त्यांतील लेख त्याला फार आवडले. त्यानें एकेका लेखांतील वाक्यांचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेविला, पुस्तक मिटलें, कांहीं दिवस जाऊं दिले, आणि टिपणांवरून तोच लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हां लिहिला. मग मूळ काढून ताडून पाहिलें आणि आपल्या चुका सुधारल्या. शब्दांचा सांठा तोकडा आहे असें दिसलें, तेव्हां गद्य गोष्टींचें त्यानें पद्य केलें आणि तें विसरल्यावर त्या पद्याचें पुन्हां गद्य केलें. कारण पद्यांत मात्रांच्या हिशेबानें त्याच अर्थाचा लहान-मोठा शब्द हुडकावाच लागतो. कधीं तो टिपणांचा क्रमच विसकटून टाकी आणि कांहीं आठवड्यांनीं तो जुळवावयास बसे. विचारांची मांडणी अशी शिकला. हें सर्व कामाला जाण्यापूर्वीं, कामावरून आल्यावर, आणि रविवारीं. क्वचित् एखाद्या बारीक ठिकाणीं आपण मुळाहून सरस लिहिलें असें त्याला वाटे, आणि तेवढ्यानें त्याचा हुरूप टिके.

आम्हीं ही रीत उतारवयांत, धाकट्या काकूंच्या त्या प्रश्नानंतर, करून पाहिली. स्पेक्टेटरच्या जागीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' घेतलीं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. शाळेंत त्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या आठवणींचा पहिला भाग पुस्तकरूपानें १९३४ सालीं निघाला. एक प्रसंग घेतला, सहा टिपणें काढलीं, पुस्तक कपाटांत ठेविलें, दहा दिवसांनीं लिहावयास बसलों. ताडून पाहिलें तेव्हां आमच्या पानावर विशेषणांची गर्दी होती आणि त्यांच्या पानावर माणसांची. त्यांच्या प्रसंगांत कोणी काय केलें आणि त्यावर कोण काय बोललें हें सांगितलेलें असतें, आणि वाईट वाटावयाचें तें वाचणाराला आपोआप वाटतें. आम्हीं 'अत्यंत करुण' असा शब्द लिहून वाचणाराचें काम आपल्याकडे घेतलें होतें. असे वीस-पंचवीस प्रसंग झाले. आमचें लेखन किती सुधारलें हें वाचकांनीं ठरवावें; 'समई' आणि 'तुळस' तेवढ्या गेल्या आहेत.

आतां 'माहेरचें अंगण'. भगिनींनीं मोकळेपणानें विचारलें आहे, तेव्हां आम्हीही मोकळेपणानें सांगतों. लेखाचीं पहिलीं तीन वाक्यें काळाचा ओघ आणि स्मृतींचा गंध यांविषयीं आहेत. गवई गाण्यापूर्वीं घसा साफ करतो, तशीं तीं आहेत. श्रोत्यांस तीं ऐकविण्याचें कारण नाहीं. चौथें वाक्य असें आहे : 'ज्या वर्षीं दादांनीं विहीर बुजविली त्या वर्षापासून आमच्या अंगणांत कोणी रांगोळी काढली नाहीं.' हें वाचतांच आम्ही खुर्चींत सरसावून बसलों. आणि नंतर? नंतर प्राजक्त, चांदणें, तुळशीचें लग्न, वाळवणें. तीं सर्व गोड आहेत, पण तीं आमच्याही आजोळच्या अंगणांत होतीं. विहीर कां बुजविली, आणि रांगोळी कोणाची थांबली, याचा लेखांत पुन्हां उच्चार नाहीं. अखेरीस एक सबंध परिच्छेद सदनिकांत राहणाऱ्या मुलांना अंगण कसें ठाऊक नाहीं याबद्दल आहे. तो खरा असेल, पण अंगणावर लिहिणारे सर्वजण तो लिहितात.

राजशेखरानें रचनेच्या परिपाकाला फळांचीं नांवें दिलीं आहेत. आरंभीं चांगली आणि शेंवटीं वाईट ती सुपारी, दोन्हीकडे चांगली तो नारळ, दोन्हीकडे वाईट तो निंब, आरंभीं मध्यम आणि शेंवटीं वाईट तें वांगें, अशीं एकूण नऊ. या हिशेबानें भगिनींचा लेख वांगें ठरतो, आणि निंब, वांगें व सुपारी हीं टाकून द्यावीं असा त्याचा स्पष्ट निकाल आहे. येथें आम्ही त्याच्याशीं सहमत नाहीं. त्यानें आरंभ आणि शेंवट एवढेंच पाहिलें, मधल्या गराचा विचार केला नाहीं. ज्या लेखांत तें चौथें वाक्य आहे तो लेख टाकावयाचा नसून तेथून पुन्हां लिहावयाचा आहे. आरंभींचीं तीन वाक्यें आणि शेंवटचा परिच्छेद भगिनींनीं खोडावा. मग विहिरीपाशीं बसावें. त्या विहिरीची गोष्ट लिहितां येण्याजोगी असेल, तर ती ज्यांची आहे त्यांना आधीं विचारावें; मातोश्री हयात असतील तर प्रथम त्यांना. त्या नाहीं म्हणाल्या, तर तें वाक्यही काढावें आणि अंगण सोडून दुसरा विषय घ्यावा. तें वाक्य ठेवून विहीर झांकणें मात्र चालणार नाहीं. वाचणारा तिच्या कांठावरून हलणार नाहीं आणि मग प्राजक्ताकडे कोणी पाहणार नाहीं.

दिवाळीनंतर लिहावें कीं थांबावें हा निर्णय त्यांचा आहे. नऊपैकीं दोन हा हिशेब मात्र त्यावर निकाल देण्यास अपुरा आहे, असें आम्हांस वाटतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून सात वर्षांत 'निबंधमाले'चे चौऱ्यायशी अंक काढले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर एकट्यानें लिहिला. इतका मजकूर लिहिणारास आपली पारख करण्यास पुष्कळ जागा मिळते. नऊ लेखांत ती कितीशी मिळणार? त्यांचा लेख पेन्सिलीच्या खुणांसह परत पाठविला आहे. सोबत छापील चिठ्ठी नाहीं.

हा मजकूर लिहून आठ दिवस ट्रंकेंत ठेविला होता. काल चौथ्या प्रहरीं धाकट्या काकूंना वाचून दाखविला; वाचला तो पुतणीनें. 'प्रतिहार' या शब्दापाशीं ती अडखळली, पण त्याला इलाज नाहीं. काकूंना फ्रँक्लिनचे वडील आवडले. राजशेखराची पत्नी काय म्हणाली तें त्यांनीं पुन्हां एकदां वाचावयास लाविलें. मग दुरुस्ती एकच सांगितली. आम्हीं थोरल्या काकूंच्या हातांत मऊ भाताचें भांडें दिलें होतें. मऊ भात नव्हता, पेज होती, असें त्या म्हणाल्या. ती दुरुस्ती वर केली आहे.